मास्तर डावीकडे बसतात

आमच्या ह्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. एकतीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. छपरावर पिवळी पाटी लावलेल्या दोन गाड्या, एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, एवढा सगळा कारभार. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेत. आमचा दातांचा डॉक्टरसुद्धा. तो दाढ तपासत असतो आणि हे आ वासून त्याला सांगत असतात की काल तू वळताना आरसा बघितला नाहीस.

शिकवण्याच्या गाडीत मास्तर डावीकडे बसतात. उजवीकडे शिकणारा, त्याच्यापुढे स्टिअरिंग. डावीकडे मास्तर, आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर न बोलता पाय दाबतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. तो पाय आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली तरी सोफ्यावर बसून सतरंजी दाबत असतात.

मीही त्यांचीच शिष्या. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, लोकांचे नंबर तपासते, फ्रेम बसवून देते. एकोणीस वर्षं रोज सहा किलोमीटर गाडी चालवत जाते आणि येते. पण मास्तर गाडीत असले की मी चालवत नाही. कारण सांगते. लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना मोठ्या हौसेने बाजारात घेऊन गेले. ह्यांनी वाटभर पाय दाबला आणि "ब्रेक, अगं ब्रेक" असा जप लावला. अर्ध्या रस्त्यात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी बाजूला लावली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी आले. तेव्हापासून आमच्यात न बोलता ठरलेलं आहे, दोघं बरोबर असलो की चालवणार मास्तर.

तर या मास्तरांना एक थोरली बहीण आहे, ताई. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच यांना वाढवलं. लग्नानंतर त्या परदेशी गेल्या आणि तिथल्या एका तळ्याकाठी, रस्ता जिथे संपतो तिथल्या घरात राहिल्या. बस नाही, रेल्वे नाही. ताई फोनवर दरवर्षी बोलवायच्या आणि मास्तर दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "येईन तेव्हा स्वतः गाडी चालवत तुझ्या दारात येईन." असं म्हणता म्हणता सव्वीस वर्षं गेली. माझा भाऊ असता तर मी केव्हाच तोंडावर सुनावलं असतं, पण ताई फार सोशिक.

गेल्या वर्षी ताईंचा फोन आला. गुडघे साथ देईनात, म्हणून घर विकलं होतं. त्या शहरात मुलाजवळ जाणार होत्या. एका शुक्रवारी घराच्या किल्ल्या नव्या माणसांना द्यायच्या होत्या. "त्याच्या आत येऊन जा रे," त्या म्हणाल्या. "मला तुला हे घर दाखवायचंय." फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "जायचं. आणि चालवत जायचं. ताईला शब्द दिलाय."

आणि मग आमच्या घरात तयारीचं जे काही सुरू झालं, ते तीन महिने चाललं.

तयारीत मास्तरांचा हात कुणी धरणार नाही. पहिलं काम कागदांचं. परदेशात चालवायचा परवाना काढला, आणि तो नुसता चालत नाही, मूळ लायसन्सही बरोबर लागतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगितलं असतं. आमची लेक दुसऱ्या गावी नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईचाही परवाना काढा आणि दुसरी ड्रायव्हर म्हणून तिचं नाव घाला. तुमचा पाय मुरगळला तर?" मास्तर म्हणाले, "माझा पाय?" जणू तिने देवळाच्या खांबाबद्दल शंका काढली होती. पण लेकीपुढे यांचं काही चालत नाही, त्यामुळे मी कागदावरची ड्रायव्हर झाले.

मग कार्ड. भाड्याची गाडी देणारे लोक चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, बायकोचं चालत नाही. मास्तरांनी जन्मात कार्ड वापरलं नव्हतं, त्या सगळ्या भानगडी माझ्याकडे. शेवटी बँकेत जाऊन काढलं, आणि त्याचा चार आकडी नंबर पाठ करत घरभर फिरायला लागले. मी म्हटलं, "अहो, हळू म्हणा, शेजाऱ्यांचाही पाठ झालाय."

बॅगा टेपने मोजल्या. गाडीच्या डिकीचं माप इंटरनेटवरून काढून दिवाणखान्यात खडूने चौकोन आखला आणि बॅगा त्यात रचून बघितल्या. माझी मोठी निळी बॅग बाहेर आली. ती घरीच राहणार म्हणून मी दोन दिवस धुसफुसले, पण ते खरंच होतं. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवला, कारण डोंगरात नेटवर्क मिळत नाही. वर वळणांची यादी कागदावर मोठ्या अक्षरात. तिथल्या रस्त्याच्या खुणा छापून फ्रिजवर चिकटवल्या, त्यामुळे दूध काढायला गेलं तरी "पुढे जनावरं ओलांडतात" हे वाचूनच दार उघडावं लागे.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्या उलट. सर्कललासुद्धा उजवीकडून शिरायचं, उलटं फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. त्यासाठी मास्तरांनी शाळेच्या मैदानावर चुन्याने सर्कल आखलं आणि संध्याकाळी मला घेऊन त्यात पायी फिरायला लागले. हे पुढे, मी मागे, दोघांचे हात वळायच्या बाजूला. येणारेजाणारे थांबून बघायचे. दुकानात एका गिऱ्हाइकाने मला हळूच विचारलं, "मास्तरांची तब्येत बरी आहे ना?"

एकच गोष्ट त्यांनी केली नाही. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. लेक म्हणाली, "बाबा, त्या बाजूला बसून चालवायची सवय कशी करणार?" मास्तर हसले. "अगं, डावी सीट तर माझीच. एकतीस वर्षं तिथेच बसतोय. तिची काय प्रॅक्टिस करायची?" मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला तर ते फारच हुशारीचं वाटलं.

गिअरवरून मात्र माझं आणि लेकीचं गुपित होतं. मास्तरांना गिअरची गाडी हवी होती, ऑटोमॅटिकला ते खेळणं म्हणतात. नवा देश, उलटा रस्ता, त्यात हात गिअर शोधत बसणार. लेकीने परस्पर ऑटोमॅटिक बुक केली.

मंगळवारी विमान उतरलं. मास्तरांचं म्हणणं, लगेच गाडी घेऊ आणि निघू. रात्रभर आमचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी सरळ सांगितलं, "आज चालवणार असाल तर मी इथेच बाकावर बसते." विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपलो. पुढे साडेपाचशे किलोमीटर होते, ते बुधवार आणि गुरुवार असे दोन दिवसांत वाटले. शुक्रवारी किल्ल्या जाणार होत्या, म्हणजे ताईंच्या घरात आम्हाला एकच संध्याकाळ मिळणार होती.

बुधवारी सकाळी काउंटरवर सगळं सुरळीत झालं. कार्ड घेतलं, दोघांचे परवाने बघितले, दोघांच्या सह्या घेतल्या. विम्यात काच आणि टायर येत नाहीत हे मास्तरांनी विचारून विचारून वदवून घेतलं. गाडीभोवती फिरून फोनवर व्हिडिओ काढला, मागच्या दाराचा ओरखडा त्या मुलीला दाखवून कागदावर लिहून घेतला. पेट्रोल की डिझेल ते झाकणाच्या आत लिहिलं होतं, त्याचाही फोटो. ती मुलगी म्हणाली, इतकं बघून घेणारं गिऱ्हाईक तिला कधी मिळालं नव्हतं. मास्तरांची छाती फुगली. ऑटोमॅटिक बघून एकदा माझ्याकडे डोळे वटारले, पण आता भांडायला वेळ नव्हता.

मास्तर डावीकडे बसले. मी उजवीकडे. आरसे लावले, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं. ब्रेकवरून पाय काढला की अशी गाडी आपली आपण सरकते. ती सरकली. आणि मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. शांतपणे, वाट बघत. नव्या मुलाकडे बघतात तसं.

"अहो, समोर बघा," मी म्हटलं.

त्यांनी दचकून ब्रेक मारला. पुन्हा सुरुवात केली. दहा फूट गेलो, ब्रेक. पंधरा फूट, ब्रेक. हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि थोड्या वेळाने ते आपोआप मांडीवर यायचे. त्या बाजूला बसलं की हात मांडीवर, पाय ब्रेकवर आणि नजर दुसऱ्याच्या चुकीवर, एवढंच त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. पार्किंगमध्ये आम्ही पाऊण तास गोल गोल फिरलो. शेवटी म्हणाले, "आता जमलं," आणि गाडी फाटकाकडे घेतली. तिथे डावीकडे एक लोखंडी खांब होता. गाडी त्याच्याकडे निघाली. मास्तर अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "थोडं उजवीकडे घे. घाबरू नकोस. उजवीकडे."

मला सांगत होते. माझ्यापुढे स्टिअरिंगच नव्हतं.

मी ओरडले, त्यांनी ब्रेक मारला, आणि गाडी खांबापासून वीतभर अंतरावर थांबली.

मास्तर खाली उतरले. खांबाला हात लावून उभे राहिले. मग चष्मा काढून पुसला, चांगला मिनिटभर. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मी नापास." एवढंच. दुसरा कुणी असता तर गाडीला शिव्या घातल्या असत्या, रस्त्याला घातल्या असत्या. यांनी नाही. समोर शिकाऊ मुलगा असता तर जे सांगितलं असतं तेच स्वतःला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. या माणसाला असं कधी बघितलं नव्हतं.

"गाडी परत करू," ते म्हणाले. "ताईला फोन करतो, जमत नाही म्हणून."

"आणि माझं नाव कागदावर काय शोभेला घातलंय?" मी म्हटलं.

मी मनातून हादरलेच होते, कारण बोलून तर बसले होते. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. आमच्याकडे लायसन्सच्या परीक्षेला साहेब पुढे बसतो आणि शिकवणारा मास्तर मागे. मागे बसून त्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे.

मी निघाले. एकच गोष्ट धरून ठेवली, चालवणारी मी, रस्त्याचा मधला पट्टा माझ्या बाजूला. डावीकडे पट्टा दिसतोय तोवर सगळं ठीक. पहिल्या सर्कलला अंगाला घाम फुटला, पण मैदानातली फेरी अशी अंगात भिनली होती की हात बरोबर वळले. लाइट आणि वायपरच्या दांड्या तिकडे उलट्या बाजूला. वळताना इशारा द्यायला जावं आणि काचेवर वायपर फिरावेत. पहिले शंभर किलोमीटर आम्ही कोरड्या उन्हात काच पुसत पुसत वळलो.

मागून एक शब्द नाही. पण दर थोड्या वेळाने माझ्या पाठीत काहीतरी रुतायचं. आधी वाटलं सीट बिघडली. मग लक्षात आलं, मास्तर ब्रेक मारत होते, माझ्या सीटच्या पाठीवर. ट्रक दिसला, गुडघा. वळण आलं, गुडघा. तीस किलोमीटर सोसलं आणि पहिल्या थांब्यावर गाडी लावली.

"पुढे या," मी म्हटलं. "मला पाठीत ब्रेक नकोय. मला वाट सांगणारा माणूस हवाय."

"मी बोलायला लागलो तर तू चिडशील."

"ब्रेक सोडून काहीही बोला."

आले पुढे. वळणांचा कागद मांडीवर घेतला. आणि काय सांगू, इतकी सुंदर वाट कुणी मला दाखवली नव्हती. "दोन किलोमीटरवर सर्कल, तिसरा रस्ता. पंप येतोय, पण तिथे माणूस नसतो, कार्ड आणि नंबर लागतो, माझ्याकडे आहे." चढावर मागून गाड्या साचल्या की म्हणायचे, "पुढे जागा आहे, बाजूला घे, जाऊ दे त्यांना." पाय मात्र त्यांनी पट्ट्याने बांधून घेतल्यासारखे आखडून धरले होते. मला दिसत होतं.

त्या दिवशी दोनशे साठ झाले. संध्याकाळी खोलीवर माझे खांदे दगड झाले होते. मास्तरांनी न सांगता चोळून दिले आणि म्हणाले, "तिसऱ्या सर्कलला तू जरा जोरात शिरलीस." मी म्हटलं, "अजून कसं नाही आलं, त्याचीच वाट बघत होते."

गुरुवारी दुपारनंतर डोंगर लागला. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, एका बाजूला झाडी. नेटवर्क गेलं, पण नकाशा फोनमध्ये होताच. थोड्या वेळाने मास्तरांचा आवाज बंद झाला. मला वाटलं, रुसले. कुठल्या तरी वळणाला चुकले असेन आणि हे तोंड दाबून बसले असतील. बोलायला वळले नाही, नजर रस्त्यावर होती. तेवढ्यात समोरून लाकडाने लादलेला ट्रक वळणावर आला, अर्धा माझ्या बाजूला. मी ब्रेक मारला, गाडी झाडीला घासून थांबवली, ट्रक हात दाखवून निघून गेला. आता हे काय बोलतात म्हणून वळून बघितलं.

मास्तर झोपले होते. मान एका बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं. कागद हातातून घसरून खाली पडलेला. पाय सरळ, सैल.

मी चालत्या गाडीत त्यांना झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. विमानातही यांनी डोळा मिटला नव्हता, वैमानिक दिसत नाही म्हणून. मी तिथेच दोन मिनिटं गाडी उभी ठेवली. मग कागद उचलला, पुढची वळणं स्वतःच वाचली आणि त्यांना न उठवता पुढे निघाले.

तळं दिसायला लागलं तेव्हा मी त्यांना हाक मारली. ताईंचं घर आता दोन किलोमीटरवर होतं, रस्ता सरळ आणि रिकामा. सव्वीस वर्षांचा शब्द होता, आणि ताई फाटकात उभ्या असणार हे मला ठाऊक होतं. मी गाडी बाजूला घेतली.

"अहो, इथून पुढे तुम्ही घ्या. हळूहळू जमेल. ताई बघतील."

मास्तरांनी डोळे चोळले. रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना घ्यावीशी वाटत होती. मला दिसत होतं ते, पंचवीस वर्षं संसार केलाय. मग म्हणाले, "नको. ताईला खोटं कधी सांगितलं नाही. चल."

ताई फाटकातच होत्या. लहानखुऱ्या, हातात काठी, अंगात भावाने कधीतरी पाठवलेला राखाडी स्वेटर. गाडी थांबली तशा घाईने डावीकडे माझ्या खिडकीशी आल्या. काच खाली घेतली तर "आलास का रे" हे शब्द त्यांच्या ओठातच राहिले.

"अगं, तू?"

मास्तर पलीकडून उतरून वळसा घालून आले. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखे बहिणीपुढे उभे राहिले. "ताई, चालवत येतो म्हटलं होतं. मला नाही जमलं. हिने आणलं. साडेपाचशे किलोमीटर."

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आणि तू काय करत होतास एवढा वेळ?"

"काल घाबरलो होतो," मास्तर म्हणाले. "आज झोप लागली."

ताई एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. काठी भावाच्या हातात देऊन त्यांनी माझा हात धरला. "याला झोपवता झोपवता माझे लहानपणी पाय दुखायचे. घरात इतकी माणसं, पण हा माझ्या मांडीखेरीज कुणाकडे डोळा मिटायचा नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं. माझ्यामागे हा कुणाकडे निर्धास्त झोपेल, मी त्याच काळजीत होते."

रडू आलं होतं, आणि ते मास्तरांसमोर नको म्हणून बॅगा काढायला गाडीच्या मागे गेले. डिकी कुठून उघडायची ते मला आठवेना. बोटं नुसती पत्र्यावर फिरवत राहिले. मास्तर मागून आले. त्यांना ते बटण ठाऊक होतं, व्हिडिओत त्यांनीच ते दोनदा दाखवलं होतं. पण त्यांनी हात मागे बांधले. मला सापडेपर्यंत शेजारी उभे राहिले.